मरोळच्या गाळ्यातून ब्राझीलपर्यंत: पहिल्या निर्यातकर्जाचे नऊ महिने

अंधेरी पूर्वेला मरोळ एमआयडीसीत आमचा एक गाळा आहे. त्यात दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, एक सिलिंड्रिकल ग्राइंडर आणि अकरा माणसे आहेत. यंत्रांची बाजू यजमान पाहतात. हिशेब, पत्रव्यवहार आणि बँक माझ्याकडे आहे. आजवर आमचा माल चाकण, नाशिक आणि फार तर बंगळुरूपर्यंत गेला होता. 11 मार्च 2024 रोजी ब्राझीलमधील साओ जोसे दोस काम्पोस या गावच्या एका टूलिंग कंपनीची खरेदी ऑर्डर आमच्याकडे आली. ऑर्डर 64,000 डॉलरची होती आणि माल होता विमानाच्या पंखांचे व धडाचे पत्रे ड्रिल करताना फिक्स्चरमध्ये बसवायचे कडक पोलादी बुश आणि पिना. हे भाग विमानात बसत नाहीत, तरी त्यांच्या मापात चूक झाली तर विमानातले भोक चुकते, म्हणून तपासणीच्या अटी फार कडक होत्या. माल बनवण्याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. ऑर्डरच्या शेवटच्या पानावरील एका ओळीने मात्र माझी झोप उडाली: दहा टक्के आगाऊ आणि उरलेली रक्कम एअर वे बिलाच्या, म्हणजे माल विमानाने पाठवल्याच्या पावतीच्या, तारखेपासून 90 दिवसांनी.

याचा अर्थ असा की पोलाद, हीट ट्रीटमेंट, पगार आणि तपासणी यांचा सारा खर्च आम्ही करायचा, माल समुद्रापार पाठवायचा आणि मग तीन महिने वाट पाहायची. बँकेचे पतपत्र, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, आम्ही मागितले. ग्राहकाने सभ्यपणे नकार दिला. मला पुढच्या नऊ महिन्यांत जे कळले ते पहिल्याच आठवड्यात कोणी सांगितले असते तर बराच त्रास वाचला असता. हे सविस्तर लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

सुरुवातीचे कागद सोपे निघाले. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, 14 मार्चला अर्ज केल्यावर दुसऱ्याच दिवशी मिळाला, शुल्क ₹500. हा कोड दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो. काही बदललेले नसले तरी तसे नोंदवावेच लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो. जीएसटी न भरता निर्यात करता यावी यासाठी आरएफडी-11 या फॉर्मवर एलयूटी नावाचे हमीपत्र द्यावे लागते, तेही प्रत्येक आर्थिक वर्षाला नवे. आम्ही ते मार्चमध्ये चालू वर्षासाठी दिले आणि एप्रिलमध्ये पुन्हा द्यावे लागले, म्हणून वर्षअखेरीला काम निघाले तर थेट नव्या वर्षाचेच द्यावे. वेळ लागला तो एडी कोडला. आपल्या निर्यातीचे पैसे कोणत्या बँकेत येणार, हे सीमाशुल्क खात्याला सांगणारा हा कोड असतो. बँकेच्या लेटरहेडवरील त्याचे पत्र मिळायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण आमच्या शाखेत परकीय चलनाचे काम होत नव्हते आणि आमची फाइल फोर्टच्या शाखेत जाऊन परत येत होती. तुमच्या शाखेत परकीय चलनाचा विभाग आहे का, हे ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी विचारून ठेवा.

2 एप्रिलला मी पॅकिंग क्रेडिटसाठी अर्ज दिला. माल पाठवण्यापूर्वी कच्चा माल, मजुरी आणि प्रक्रिया यांसाठी निर्यातदाराला जे अल्पमुदतीचे कर्ज मिळते त्याला हे नाव आहे. ते साधारणपणे 180 दिवसांसाठी असते आणि निर्यातीचे पैसे आले की त्यातूनच फिटते. आमच्या हिशेबाने आगाऊ रक्कम वजा जाता 57,600 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ₹48 लाख, येणे होते आणि त्यावर 25 टक्के मार्जिन, म्हणजे आमचा स्वतःचा वाटा, सोडून ₹36 लाखांचे कर्ज हवे होते. अठरा दिवसांनी शाखेतून उत्तर आले की गाळा आधीच मशीनच्या कर्जासाठी गहाण असल्यामुळे नव्या तारणाशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ शकत नाही. नव्या तारणाचा अर्थ आमचे राहते घर असा होता. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. सासूबाईंनी घराचे कागद कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवले. मी ते परत कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून मी एकाच प्रश्नाच्या मागे लागले: आमचा ग्राहक ज्या विमान कारखान्याला माल देतो, त्या कारखान्याला पैसे कोण देते? ग्राहक बुडण्याची शक्यता किती, हे मला जाणून घ्यायचे होते. पण त्या शोधातून निर्यातीचे कर्ज म्हणजे काय असते याचीच उकल झाली.

साओ जोसे दोस काम्पोस हे एम्ब्राएर या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे गाव आहे. 1969 साली सरकारी कंपनी म्हणून ती सुरू झाली आणि 1994 साली तिचे खाजगीकरण झाले. तिची प्रवासी विमाने मुख्यतः परदेशी कंपन्या घेतात आणि त्यांच्या खरेदीसाठी अनेकदा कर्ज देते ती ब्राझीलची राष्ट्रीय विकास बँक, बीएनडीईएस. 1952 साली स्थापन झालेली ही बँक मुळात देशातले रस्ते, वीज आणि कारखाने यांसाठी होती. निर्यातीचे काम तिच्याकडे पुढे आले. तिची पद्धत समजल्यावर मी थक्क झाले. समजा अमेरिकेतील एखाद्या विमान कंपनीला वीस विमाने हवी आहेत. कर्ज त्या अमेरिकी कंपनीच्या नावावर होते, पण पैसा अमेरिकेला जातच नाही. विमान तयार होऊन ताब्यात दिले की बँक ब्राझीलमध्येच, ब्राझीलच्या रेआल या चलनात, कारखान्याला पैसे देते. कारखान्याचा प्रश्न तिथेच मिटतो. त्याचे कामगार आणि आमच्या ग्राहकासारखे पुरवठादार यांची देणी भागतात. परदेशी कंपनी मात्र पुढची दहा-बारा वर्षे बँकेला डॉलरमध्ये हप्ते भरत राहते. पैसे बुडण्याची धास्ती कारखान्याच्या डोक्यावरून उतरून बँकेच्या डोक्यावर जाते, आणि बँक ती कमी करण्यासाठी विमानच तारण ठेवते, हमी घेते, विमा घेते. हप्ते थकले तर विमान दुसऱ्या देशातही ताब्यात घेता यावे यासाठी 2001 साली केप टाउन येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आहे.

व्याजाचीही एक बाजू आहे. ब्राझीलमध्ये व्याजदर उंच असत, म्हणून तिथल्या सरकारने प्रोएक्स नावाच्या योजनेतून जागतिक दर आणि देशी दर यांतला फरक स्वतः भरायला सुरुवात केली. कॅनडाची बोम्बार्डिए ही त्या काळी तशीच विमाने बनवणारी प्रतिस्पर्धी कंपनी होती. तेव्हा कॅनडाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि 1999 साली निकाल ब्राझीलच्या विरोधात गेला. ब्राझीलनेही कॅनडाच्या मदतीविरुद्ध तक्रार केली आणि तीही बऱ्याच अंशी मान्य झाली. दोघांनाही एकमेकांवर प्रत्युत्तरादाखल निर्बंध लावण्याची परवानगी मिळाली. शेवटी 30 जुलै 2007 रोजी रिओ दी जानेरो येथे विमानांच्या निर्यातकर्जांसाठी समान नियमांचा समझोता झाला आणि ब्राझील ओईसीडीचा, म्हणजे मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेचा, सदस्य नसतानाही त्यात सहभागी झाला. कर्जाची मुदत किती, किमान शुल्क किती, हे त्यात ठरले. कर्जाची अट हा मालाच्या किमतीचाच एक भाग असतो, हे मला या भांडणातून नीट उमगले. आमच्या ग्राहकाने 90 दिवस मागितले होते, म्हणजे एका अर्थी त्याने आमच्याकडे किमतीत सूटच मागितली होती आणि आम्ही ती भावात न धरता देऊन बसलो होतो.

आपल्याकडे हे काम करणाऱ्या एक्झिम बँकेचे मुख्यालय तर मुंबईतच, कफ परेडला आहे. 1981 च्या कायद्याने स्थापन झालेली ही बँक 1982 पासून काम करते. परदेशी सरकारांना ती जी कर्जसुविधा देते, तिचीही रीत तीच: कर्ज त्या देशाच्या नावावर आणि पैसे भारतात, भारतीय निर्यातदाराला. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेली दोन डॉर्नियर 228 विमाने 2024 च्या वसंतात गयानाला पोहोचली, ती एक्झिम बँकेच्या सुमारे 2.3 कोटी डॉलरच्या अशाच कर्जावर. आमची ऑर्डर मार्गी लागत नव्हती त्याच दिवसांतली ही बातमी होती, म्हणून ती माझ्या चांगली लक्षात राहिली. मोठ्या आणि दीर्घ मुदतीच्या निर्यातीसाठी ही बँक आहे. तीन महिन्यांच्या ₹36 लाखांसाठी आपली नेहमीची व्यापारी बँकच योग्य, असे नवनिर्यातदारांच्या एका मार्गदर्शन वर्गात निवृत्त बँक अधिकारी असलेल्या एका बाईंनी मला समजावले. त्यांनी जाताना विचारलेला एक प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. "तुम्ही बँकेला कागद देता आहात, पण त्यातला कोणता कागद बँकेची कोणती भीती घालवतो, ते तुम्ही तिला सांगितले आहे का, ताई?"

मी सांगितले नव्हते. माझ्या अर्जात आमच्या गाळ्याचा पस्तीस वर्षांचा इतिहास होता, यंत्रांची यादी होती, ताळेबंद होते. पण ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

ते उत्तर निर्यात पत विमा हे होते. ईसीजीसी ही केंद्र सरकारची कंपनी 1957 साली एक्स्पोर्ट रिस्क्स इन्शुरन्स कॉर्पोरेशन या नावाने सुरू झाली आणि तिचेही मुख्यालय मुंबईत आहे. परदेशी ग्राहक दिवाळखोर झाला, त्याने मुदत उलटूनही पैसे दिले नाहीत, किंवा त्या देशात युद्ध अथवा परकीय चलन बाहेर पाठवण्यावर बंदी असे संकट आले, तर नुकसानीचा मोठा हिस्सा ती भरून देते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण माझा यात गोंधळ झाला होता. बँक स्वतःच्या निर्यातकर्जांसाठी ईसीजीसीकडून वेगळे संरक्षण घेते आणि त्याचा उल्लेख तुमच्या कागदांतही येतो. ते संरक्षण बँकेचे असते, तुमचे नव्हे. निर्यातदाराला आपली पॉलिसी स्वतंत्रपणे घ्यावी लागते आणि त्यानंतर प्रत्येक ग्राहकासाठी क्रेडिट लिमिट, म्हणजे त्याच्यापुरती विम्याची मर्यादा, मंजूर करून घ्यावी लागते. नुसती पॉलिसी आहे आणि त्या ग्राहकावर लिमिट नाही, तर दावा अडतो.

22 एप्रिलला मी प्रस्ताव दिला. ग्राहकाचे कायदेशीर नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता ऑर्डरवर आहे तसाच हवा. आमच्या ऑर्डरवर व्यापारी नाव होते आणि नोंदणी वेगळ्या नावाने होती, त्यात नऊ दिवस गेले. हा तपशील ऑर्डर आली त्याच दिवशी ग्राहकाकडून लेखी मागवा. लिमिट मंजूर झाल्याचे पत्र 17 मे रोजी आले. या एका ऑर्डरपुरता विम्याचा खर्च आम्हाला ₹20 हजारांच्या आसपास पडला.

मग मी कर्जाचा अर्ज नव्याने लिहिला. पहिल्या पानावर तीन परिच्छेद: माल बनणार नाही ही भीती असेल तर आमचे मंजूर झालेले नमुने आणि पोलादाच्या पुरवठादाराचे कोटेशन, माल बनेल पण जाणार नाही ही भीती असेल तर पक्की ऑर्डर, आयईसी आणि माल परदेशी पोहोचवणाऱ्या फॉरवर्डरचे पत्र, माल जाईल पण पैसे येणार नाहीत ही भीती असेल तर ईसीजीसीची पॉलिसी, ग्राहकावरील लिमिट आणि दाव्याची रक्कम बँकेकडे वळती करण्याचे आमचे संमतीपत्र. 20 मे रोजी मुंबईत मतदान असल्यामुळे बँक बंद होती. 21 ला मी स्वतः फोर्टच्या शाखेत जाऊन अर्ज दिला. तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिले पान दोनदा वाचले आणि अर्ध्या तासात चार नेमके प्रश्न विचारले. 5 जूनला मंजुरीपत्र आले. घर तारण ठेवावे लागले नाही. व्याज साडेनऊ टक्के, प्रक्रिया शुल्क ₹18 हजार आणि त्यावर जीएसटी.

केंद्र सरकारच्या व्याज समानीकरण योजनेत सूक्ष्म, लघू आणि मध्यम उत्पादक निर्यातदारांना तेव्हा 3 टक्के सवलत मिळत होती. ब्राझीलच्या प्रोएक्सची ही धाकटी बहीणच म्हणावी लागेल. तिच्यासाठी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागे आणि तो बँकेला कर्ज उचलण्यापूर्वी द्यावा लागे. तो क्रमांक मी 7 जूनला दिला आणि 10 जूनला पहिला हप्ता उचलला. योजनेची मुदत जूनअखेर संपत होती, ती त्यानंतर थोडी थोडी करून वाढवली गेली. त्या काळात दर महिनाअखेरीस मी अधिसूचना पाहत बसायचे. पॅकिंग क्रेडिटची रक्कम आपल्या हातात येत नाही, हेही येथे नोंदवते. पोलादवाल्याचे बिल दिले की बँक थेट त्याला पैसे पाठवते आणि प्रत्येक उचलीचा हिशेब मागते. सुरुवातीला हा अविश्वास वाटला. पुढे बीएनडीईएसही माल ताब्यात दिल्याखेरीज पैसे सोडत नाही हे आठवले आणि मन निवळले.

जून ते ऑगस्ट माल बनत होता. 8 जुलैच्या पावसात लोकल बंद पडल्या आणि दोन दिवस निम्मी माणसे पोहोचू शकली नाहीत. हीट ट्रीटमेंटची एक बॅच कडकपणात कमी आली, ती पुन्हा करावी लागली. वेळापत्रकात मी तीन आठवडे हातचे राखले होते, ते सगळे तिथे खर्ची पडले.

29 ऑगस्टला सीएचएने, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या एजंटने, आइसगेट या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचे घोषणापत्र, भरले. भारत आणि मर्कोसुर, म्हणजे ब्राझीलसह दक्षिण अमेरिकी देशांचा व्यापारगट, यांच्यात 1 जून 2009 पासून सवलतीच्या जकातीचा करार लागू आहे, म्हणून मूळस्थानाचे प्रमाणपत्र काढून ग्राहकाला जकातीत सूट मिळवून द्यावी असे मनात होते. पण त्या करारातली मालाची यादी लहान आहे आणि आमचा माल तिच्यात बसला नाही. तुमचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, मात्र जरूर तपासून पाहा. 31 ऑगस्टला सहारच्या एअर कार्गो संकुलातून माल निघाला. एअर वे बिलावरची ती तारीख पाहून यजमानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर 29 नोव्हेंबरभोवती लाल गोल केला.

निर्यातीनंतर 21 दिवसांत कागदपत्रे बँकेत द्यायची असतात. गणपती 7 सप्टेंबरला बसले, दीड दिवसांनी विसर्जन झाले आणि 10 तारखेला मी इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एअर वे बिल, शिपिंग बिल, तपासणी अहवाल आणि 90 दिवसांच्या मुदतीची हुंडी असा संच घेऊन शाखेत गेले. इनव्हॉइसवर मालाचे वर्णन ऑर्डरमधल्यापेक्षा एका शब्दाने वेगळे होते. तेवढ्यासाठी तो पुन्हा छापून न्यावा लागला. 13 सप्टेंबरला बँकेने हुंडी विकत घेतली आणि त्या रकमेतून पॅकिंग क्रेडिटचे खाते बंद झाले. कर्ज फिटले असे त्या दिवशी वाटते, पण तसे नसते. माल पाठवण्यापूर्वीचे कर्ज जाऊन त्याच्या जागी माल पाठवल्यानंतरचे कर्ज आलेले असते, आणि ते ग्राहकाचे पैसे येईपर्यंत आपल्याच नावावर राहते. 26 सप्टेंबरला ग्राहकाने हुंडी सकारल्याचा संदेश त्याच्या बँकेकडून आला. या संदेशाची प्रत मागून घ्या. पुढे दावा करावा लागला तर तो फार मोलाचा असतो. पाठवलेल्या मालाची घोषणा ईसीजीसीला ठरलेल्या मुदतीत देणे हेही निर्यातदाराचेच काम आहे आणि त्याची आठवण कोणी करून देत नाही.

29 नोव्हेंबरला पैसे आले नाहीत. 2 डिसेंबरलाही नाही. ग्राहकाचा मेल आला की रक्कम पाठवली आहे. आमच्या बँकेत काही दिसेना. त्या सहा दिवसांत मी ईसीजीसीला थकबाकी कधी कळवायची त्याचे नियम पुन्हा वाचले, दाव्याच्या कागदांची एक फाइल लावून ठेवली आणि ग्राहकाकडून स्विफ्ट संदेशाची, म्हणजे पैसे पाठवताना बँकेने बँकेला दिलेल्या संदेशाची, प्रत मागवली. रक्कम मधल्या एका बँकेत, आमच्या नावाच्या स्पेलिंगमुळे, अडकली होती. 5 डिसेंबरला, गुरुवारी दुपारी, ती जमा झाली: 57,600 ऐवजी 57,545 डॉलर. 55 डॉलर मधल्या बँकेने शुल्क म्हणून कापून घेतले होते. ही लहान तूटही बँकेच्या ईडीपीएमएस नोंदीत, म्हणजे निर्यातीचे पैसे आले की नाही हे पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत, शुल्क म्हणून दाखवून घ्यावी लागते, नाहीतर शिपिंग बिल अपुरे भरलेले दिसत राहते. मी त्यासाठी लेखी पत्र दिले आणि 19 डिसेंबरला महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून बँक वसुलीचे प्रमाणपत्र, म्हणजे ईबीआरसी, स्वतःच काढले.

पॅकिंग क्रेडिटच्या काळाचे व्याज सुमारे ₹72 हजार झाले होते, त्यातले ₹23 हजार समानीकरण योजनेतून परत आले. ती योजना 31 डिसेंबर 2024 रोजी संपली. ग्राहकाची दुसरी मागणी त्याच आठवड्यात आली होती. यावेळी भाव काढताना मी पूर्ण व्याज, विमा आणि मधल्या बँकेचे शुल्क धरले, आणि मुदत 90 दिवसांची हवी असल्यास एक दर व 60 दिवसांची चालत असल्यास त्याहून कमी दर असे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून 6 जानेवारीला पाठवले. त्याने 60 दिवसांचा आकडा निवडला.